परदेशात एटीएम वापरणार असाल तर आधी सोलापुरातली कामं उरका

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापुरातल्या संक्रांतीच्या जत्रेच्या, दारूकामाची रात्र होती. होम मैदानावरून दमून आलो, फोन चार्जिंगला लावला आणि आडवा झालो. सकाळी चहा घेताना बघतो तर बँकेचे दोन मेसेज. पहिला रात्री ११ वाजून ५२ मिनिटांचा, दुसरा १२ वाजून ४ मिनिटांचा. दोन्ही एटीएममधून पैसे काढल्याचे, आणि तेही अशा देशातून जिथं मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही. कार्ड पाकिटात, पाकीट पँटच्या खिशात आणि पँट खुंटीला.

त्या बारा मिनिटांची गोम मला नंतर कळली. कार्डाला दिवसाला अमुक इतकेच पैसे काढायची मर्यादा असते आणि बहुतेक बँकांत ती मध्यरात्री नव्यानं सुरू होते. चोरानं बाराच्या अलीकडे एका दिवसाचा वाटा उचलला, पलीकडे दुसऱ्या दिवसाचा.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. माझं स्वतःचं कार्ड परदेशात एकदाच मशीनमध्ये घातलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत थायलंडला गेलो तेव्हा, समुद्रकाठच्या बाजारात, एका दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या मशीनमध्ये. चोरी तिथंच झाली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मधल्या दोन महिन्यांत कार्डावरचं परदेशी व्यवहारांचं बटण मी बंद केलं नव्हतं, हे मात्र मला मान्य करावंच लागतं.

सोलापुरातून आता बरेच जण पहिल्यांदा बाहेर निघतात. कुणाचा मुलगा शिकायला जर्मनीला, कुणी दुबईत नोकरीला, कुणी उमऱ्याला, कुणी टूरवाल्याबरोबर सिंगापूरला. टॉवेलवाले तर संक्रांतीचा गड्डा सोडून त्याच सुमाराला फ्रँकफर्टच्या हेमटेक्स्टिल प्रदर्शनात असतात. कारखान्यात, गल्लीत कुणी निघालं की मला विचारतात, "काका, एटीएमचं कसं करायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. बहुतेक ठिकाणी सल्ला असतो की मशीन नीट तपासा. तपासा, हरकत नाही. पण चांगल्या हातानं बसवलेला स्किमर, म्हणजे कार्डाची माहिती चोरणारं उपकरण, तुम्हा-आम्हाला दिसत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: कार्डामागं पैसे किती ठेवायचे, आणि ते कार्ड कधी चालू ठेवायचं. ही दोन्ही कामं घरात बसून होतात.

कार्डातून चोरतात काय?

कार्डाच्या मागं काळी पट्टी असते आणि पुढं सोनेरी चिप. पट्टीवरची माहिती कायम तीच राहते, जुन्या कॅसेटसारखी. कुणी एकदा वाचली की दुसऱ्या कोऱ्या कार्डावर तशीच्या तशी उतरवता येते. यालाच क्लोन कार्ड म्हणतात. चिपचं तसं नाही. ती प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळं जुना आकडा चोरून उपयोग नसतो. भारतात फक्त पट्टीवाली कार्डं २०१८ च्या अखेरीपर्यंत बदलून चिपची द्यायला रिझर्व्ह बँकेनं लावलं ते याच कारणानं.

मग चिप असूनही चोरी होते कशी? कारण चिपच्या कार्डाला पाठीमागं पट्टी असतेच. कार्ड मशीनमध्ये सरकताना ती पट्टी चोरानं बसवलेल्या स्किमरवरून घासून जाते. पिन टिपायला वर कुठंतरी बारीक कॅमेरा असतो, नाहीतर खऱ्या कीपॅडवर खोटा कीपॅड चिकटवलेला असतो. पट्टी आणि पिन दोन्ही मिळाले की क्लोन कार्ड अशा देशात पाठवतात जिथली मशीनं अजून नुसत्या पट्टीवर पैसे देतात. म्हणून माहिती एका गावात चोरली जाते आणि पैसे दुसऱ्याच गावात निघतात. २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमला परदेशी टोळीनं एटीएमच्या खोलीत धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखं दिसणारं उपकरण लावलं होतं आणि लोकांचे पैसे निघाले मुंबईत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. त्याची तऱ्हा वेगळी होती, बँकेच्या यंत्रणेतच शिरकाव झाला होता, पण क्लोन कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले.

शिमर नावाची एक पातळ पट्टीही असते. ती कार्डाच्या फटीत आत बसवतात आणि ती चिपचं बोलणं ऐकते. त्यातून चिपची नक्कल होत नाही, पण जिथली बँक तपासणीत ढिली असते तिथं पट्टीचं कार्ड बनवायचा प्रयत्न होतो. मास्टरकार्डनं २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरची पट्टी पूर्ण घालवायचं जाहीर केलंय. तोवर ती आपल्या पाकिटात राहणार.

निघायच्या पंधरा दिवस आधी

आधी कार्ड बाहेर चालतं का ते विचारा. आपल्याकडं सहकारी बँकांत खाती पुष्कळ, आणि त्यांतल्या अनेकांची कार्डं फक्त देशात चालणारी रुपे असतात. काउंटरवरचा माणूस "चालतंय की" म्हणाला म्हणून निघू नका. कार्डावर आंतरराष्ट्रीय असं छापलंय का बघा, आणि "अमुक देशातल्या एटीएममध्ये चालेल का" असं देशाचं नाव घेऊन विचारा.

आता मुख्य काम. परदेशासाठी वेगळं खातं काढा. ज्या खात्यात पगार येतो, ज्यातून घराचा हप्ता जातो, ज्यात मुलीच्या लग्नासाठी साठवलेलं आहे, त्या खात्याचं कार्ड विमानात चढता कामा नये. दुसरं साधं बचत खातं काढा, त्याचं डेबिट कार्ड घ्या आणि त्यात आठवडाभर पुरतील एवढेच पैसे ठेवा. लागले तर हॉटेलात बसून मोबाईल बँकिंगनं मुख्य खात्यातून टाकता येतात. कार्ड चोरीला गेलं तरी चोराला तेवढेच मिळतील. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकी चलन भरून घेतलेलं कार्ड, तेही याच तत्त्वावर चालतं: भरलेत तेवढेच पैसे, बचत खात्याला हात नाही. लांबच्या मुक्कामाला मला तेच जास्त बरं वाटतं. आठ दिवसांच्या सहलीला वेगळं खातं पुरतं.

यात एक खड्डा आहे, आणि मी त्यातच पडलो होतो. काही बचत खात्यांना ऑटो स्वीपची सोय असते. खात्यात ठराविक रकमेच्या वर पैसे गेले की आपोआप एफडी होते आणि खात्यात कमी पडले की एफडी मोडून पैसे परत येतात. व्याज चांगलं मिळतं म्हणून आपण खूश असतो. पण त्या खात्याचं कार्ड म्हणजे एफडीचीही किल्ली. माझ्या खात्यात नुसते अकरा हजार होते, तरी चोराला ३९ हजार मिळाले ते असे. व्यापाऱ्यांनी ओव्हरड्राफ्टच्या खात्याबाबतही हेच लक्षात ठेवावं.

मग बटणं. रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार, जे त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालं, प्रत्येक कार्डाला देशी-परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय ग्राहकाला द्यावी लागते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डांच्या पानावर गेलात की परदेशी व्यवहारांखाली एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाईन आणि टॅप करून पैसे देणं अशी चार बटणं साधारण दिसतात. मी असं करतो: निघताना दुकान आणि टॅप चालू, ऑनलाईन बंद, एटीएमही बंद. पैसे काढायचे असले की मशीनच्या रांगेत उभं राहून एटीएमचं बटण चालू करायचं, पैसे काढायचे आणि नोटा पाकिटात गेल्या की लगेच बंद. बायको म्हणते, गॅसचा कॉक बंद करतात तसं करतोस. तसंच आहे ते. मर्यादाही खाली आणा. दिवसाला पंधरा हजार लागणार असतील तर पन्नास हजारांची कशाला ठेवायची? ज्यांना ॲप जमत नाही त्यांनी शाखेत जाऊन हे करून घ्यावं.

मोबाईलचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ठेवा. बरेच जण तिथं उतरले की स्थानिक सिम घालतात आणि इथलं सिम पाकिटात ठेवतात. मग बँकेचा मेसेज येतो तो बंद सिमवर. दोन सिमचा फोन असला तर इथलं सिम आतच राहू द्या आणि त्याचा डेटा बंद ठेवा. बँकेत ईमेल नोंदवून ईमेलचे अलर्टही मागून घ्या.

शेवटचं काम कागदाचं. कार्ड हरवलं किंवा मशीननं गिळलं तर मागं छापलेला नंबरही त्याच्याबरोबर जातो. १८०० ने सुरू होणारे मोफत नंबर परदेशातून बऱ्याचदा लागत नाहीत. म्हणून बँकेचा +९१ लावून फिरवायचा साधा नंबर, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि शाखेचा फोन कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. एक प्रत घरी देवघराजवळ. तिथं पोचल्यावर गुगलवर बँकेचा कस्टमर केअर शोधू नका, खोटे नंबर तिथंच पेरलेले असतात. आणि कागदावर पिन लिहायचा नाही. हे सांगायला नको, पण पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरात पिनची चिठ्ठी ठेवणारे मी डझनभर बघितलेत.

मशीनसमोर

मशीन निवडताना बँकेच्या शाखेच्या आतलं किंवा तिच्या भिंतीतलं निवडा, आणि शाखा उघडी असताना जा. कार्ड अडकलं तर आत जाऊन सांगता येतं. दुकानाच्या दाराशी, हॉटेलच्या बोळात, बाजारात सुटं उभं असलेलं मशीन टाळा. तिथं चोराला काम करायला निवांत वेळ मिळतो, आणि अशा मशीनचं शुल्कही बऱ्याचदा चढं असतं.

कार्ड घालायच्या फटीच्या कडेला बोटानं धरून जरा हलवून बघा. चिकटपट्टीनं लावलेलं असेल तर हलतं. कीपॅड नेहमीपेक्षा उंच किंवा मऊ लागतोय का बघा. शेजारी दुसरं मशीन असेल तर दोन्ही ताडून बघा. पण फटीभोवती हिरवट पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा दिसला की लगेच घाबरू नका. अनेक बँका स्किमर बसू नये म्हणूनच तो लावतात. काही संशय आलाच तर कार्ड न घालता पुढं चालू पडा.

पिन टाकताना दुसरा हात कीपॅडवर छपरासारखा धरा. या एका सवयीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. स्किमर दिसला नाही तरी कॅमेऱ्याला पिन दिसत नाही, आणि पिनशिवाय क्लोन कार्डानं एटीएममधून पैसे निघत नाहीत. थायलंडला माझ्या एका हातात नारळपाणी होतं. बघा म्हणजे.

पिन आकड्यांनी पाठ असू द्या. आपल्याला बोटांची सवय लागलेली असते, वरचं-खालचं-मधलं अशी, आणि कीपॅडची मांडणी वेगळी निघाली की चुकतं. तीनदा चुकलं की कार्ड अडकतं. खातं कुठलं विचारलं तर सेव्हिंग्ज निवडा.

पुढं एक पडदा येतो: रक्कम रुपयांत वळवून घ्यायची का? रुपये दिसले की जीव भांड्यात पडतो, पण तिथं नाही म्हणा आणि त्या देशाच्या चलनातच व्यवहार करा. हो म्हटलं तर दर मशीनवाला लावतो आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. ही चोरी नाही, पण खिसा तेवढाच हलका होतो. थोडे थोडे पैसे पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. थायलंडला परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या घरात शुल्क कापलं जातं, आणि जितक्या वेळा कार्ड आत जाईल तितक्या वेळा धोका.

कार्ड आत अडकलं तर तिथून हलू नका. फटीत बारीक फास बसवून कार्ड अडकवणारे असतात, आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी मदतीला येतो: "पिन परत टाका, माझंही असंच झालं होतं." तो पिन बघायलाच आलेला असतो. त्याच्याशी बोलत बसू नका. उभ्या उभ्या ॲपमधून कार्ड बंद करा आणि मग शाखेत जा. मशीननं पैसे दिल्याचं दाखवलं पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर नोटांच्या फटीवर खोटी झडप आहे का बघा, पावती ठेवा, मशीनचा नंबर दिसेल असा फोटो काढा.

एटीएमच्या बाहेर

दुकानात, हॉटेलात कार्ड वेटरच्या हाती देऊन आत पाठवू नका, मशीन टेबलावर मागा. टॅप करता येत असेल तर टॅपच करा, त्यात पट्टी कुठं घासलीच जात नाही. अमेरिकेत पेट्रोल पंपावर गाडीशेजारच्या मशीनमध्ये स्वतःच कार्ड घालावं लागतं आणि तिथं स्किमर सापडल्याच्या बातम्या बऱ्याच आहेत. शिवाय ते मशीन तिकडच्या पत्त्याचा पिनकोड मागतं, तो आपल्या कार्डाला नसतो. आत काउंटरवर जाऊन पैसे द्या. परदेशातल्या बऱ्याच संकेतस्थळांवर ओटीपी लागत नाही, म्हणूनच वर ऑनलाईनचं बटण बंद ठेवा म्हटलं.

टूरमध्ये आणि उमऱ्याच्या गटात एक गोष्ट हमखास दिसते. आजी-आजोबा कार्ड आणि पिन दोन्ही गटप्रमुखाला देऊन मोकळे होतात. माणूस सज्जन असेल, पण पुढं काही झालं तर पिन तुम्ही स्वतः दिला असं धरलं जातं आणि भरपाईचा हक्क जातो. अशा मंडळींना मुलांनी निघताना थोडी रोख आणि मर्यादा कमी केलेलं कार्ड द्यावं, आणि पिन दाबायचा सराव सात रस्त्याच्या एखाद्या एटीएमवर दोनदा करून घ्यावा.

परत आल्यावर परदेशाची सगळी बटणं बंद करा आणि पिन बदला. मी आता मुंबईत सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या बर्थवर बूड टेकलं की हेच करतो, नाहीतर घरी आल्यावर राहून जातं. तीन महिने स्टेटमेंट बघत राहा. चोरलेली माहिती लगेच वापरतातच असं नाही.

पैसे गेलेच तर

आधी कार्ड बंद करा. ॲपमधून, फोननं, जसं जमेल तसं, पण कारण शोधत बसण्याआधी. बँकेकडून तक्रारीचा नंबर घ्या आणि वेळ लिहून ठेवा. कळवल्यानंतर जे पैसे जातील ती जबाबदारी बँकेची असते, म्हणून ही वेळ फार मोलाची.

मग १९३० या सायबर हेल्पलाईनवर किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. परदेशातून १९३० लागेलच असं धरून चालू नका, घरच्या माणसाला लावायला सांगा, म्हणूनच ती कागदाची दुसरी प्रत. परत आल्यावर शहरात राहत असाल तर शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात, तालुक्यात असाल तर ग्रामीणच्या.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक नीट समजून घ्या. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघालं. चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच गोंधळ केला, अशा व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत भुर्दंड. त्यानंतर बँकेचं धोरण असेल तसं. सूचना मिळाली तो दिवस धरत नाहीत, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या शाखेचे मोजतात. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, तुमचं नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार कामाला आलं. काउंटरवरच्या साहेबांनी अर्ज बघितला आणि म्हणाले, "पिनशिवाय पैसे निघतच नाहीत. तुम्हीच कुणाला तरी दिला असणार." मी परिपत्रकाची छापील प्रत पुढं सरकवली. कार्ड टेबलावर ठेवलं, म्हणजे ते माझ्याच जवळ आहे हे दिसावं, आणि पासपोर्टच्या शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. त्या रात्री मी सोलापुरात होतो आणि त्या देशात कधी गेलोच नव्हतो, हे त्यातून दिसत होतं. ते आत गेले, बाहेर आले आणि अर्जावर तारखेचा शिक्का मारून पोच दिली. नवव्या कामाच्या दिवशी पैसे तात्पुरते जमा झाले. कायमचे व्हायला अडीच महिने गेले.

तुमचा अर्ज साधा असू द्या: खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि रक्कम, कार्ड कुणाजवळ होतं, तुम्ही त्या वेळी कुठं होता, कार्ड बंद केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक. मेसेजचे स्क्रीनशॉट, पासपोर्टची पानं आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडा. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

नवं कार्ड आठ-दहा दिवसांत घरी येतं. नियमानुसार ते परदेशासाठी बंदच येतं. पुढचं तिकीट हातात पडेपर्यंत ते तसंच राहू द्या.